भीमाशंकरच्या रानात एक दिवस : शेकरू, कोकणकडा आणि बाळहिरडा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, रानात शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे लोक आणि इतर वनवासी हे ओषधींना नावाने व रूपाने ओळखतात. त्या ओषधींचा योग जाणणे हा वैद्याचा अधिकार. सुश्रुताचार्यांनीही गुराखी, तपस्वी, व्याध व वनचर यांच्या साहाय्याने द्रव्ये शोधावीत असे म्हटले आहे. द्वितीय वर्षाच्या द्रव्यगुणाच्या परीक्षेत आपल्यापैकी बहुतेकांनी हे उत्तर लिहिले असेल आणि त्याला गुणही मिळाले असतील. प्रस्तुत लेखकालाही मिळाले होते. परंतु पदवीनंतर वीस वर्षांहून अधिक काळ दररोज हरीतकी देत असूनही, हरीतकीचा वृक्ष प्रत्यक्ष समोर उभा असताना मला तो ओळखता आला नाही, ही कबुली प्रारंभीच देऊन टाकणे इष्ट.

हा प्रसंग मे २०२४ मध्ये भीमाशंकरच्या अभयारण्यात घडला. आमच्या शाखेतील अकरा वैद्य आणि तीन औषधनिर्माते असे चौदा जण एका दिवसाच्या सहलीस गेलो होतो. सहलीचा उद्देश अभ्यासाचा होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वर्षभर चार भिंतींच्या आत नाडी पाहून कंटाळलेल्या मंडळींना डोंगर पाहावा, जमल्यास शेकरू पाहावे आणि रात्री घरी परतावे, इतकाच हेतू होता. ग्रीष्म ऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला असता वैद्यांनीच डोंगर चढायला निघावे यावर घरोघरी थट्टाही झाली. मात्र शेकरू उन्हाळ्यात सहज दिसते आणि पावसाळ्यात धुके व पर्यटकांची गर्दी या दोहोंमुळे काहीच दिसत नाही, असे वाटाड्याने कळविले होते. म्हणून शास्त्राज्ञा एक दिवस बाजूस ठेवली.

पुण्याहून पहाटे तीनला निघालो. मंचरला महामार्ग सोडून घोडेगाव, डिंभे, तळेघर या मार्गाने रस्ता चढत जातो. आदल्या संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली होती; रस्त्याच्या कडेला पाणी साचलेले आणि हवेत मातीचा वास. डिंभे धरणाच्या परिसरातून एक वाट आहुप्याकडे जाते. त्याच बाजूस माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर खचून ते गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. गाडीत तोवर चाललेल्या गप्पा त्या फाट्यापाशी आपोआप थांबल्या.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस किलोमीटर. पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत ते विभागलेले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून येथे येणाऱ्यांची संख्या फार मोठी, आणि त्यांतील बहुतेक जण वाहनतळ, पायऱ्या, दर्शन, वाहनतळ असा प्रवास करून परत जातात. आम्ही मंदिराकडे न वळता वनविभागाकडे नोंद करून व शुल्क भरून उजाडता उजाडता पायवाटेला लागलो. वाटाडे जवळच्याच एका वाडीतले, महादेव कोळी समाजाचे, वय साठीच्या आसपास. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, बोलायचे नाही. दुसरी, अभयारण्यातली कोणतीही वस्तू खिशात घालायची नाही, वाळके पानसुद्धा नाही. आमच्यातील एका ज्येष्ठ वैद्यांनी अत्तर लावले होते. मामांनी काही न बोलता त्यांना रांगेत सर्वांत मागे उभे केले.

या रानाचे वैशिष्ट्य असे की ते उंच नाही, पण गच्च आहे. अंजनी, जांभूळ, आंबा, पिसा, हिरडा अशी झाडे एकमेकांच्या फांद्यांत फांद्या घालून उभी असतात, त्यामुळे सकाळी सातलाही खाली संधिप्रकाश असतो. मोकळ्या उतारावर कारवी. ती सात वर्षांनी एकदाच फुलते, हे आपण ऐकून असतो. मधूनच गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचा, आणि त्याच्या हातभर लांब चपट्या शेंगा. रानकोंबड्याचे ओरडणे दोन-तीन ठिकाणांहून येत होते. एकदा उजव्या अंगाच्या ओढ्यातून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज आला. थोड्या अंतराने पुन्हा आला. मामा थांबले, हात वर केला. ते भेकर होते. भेकर असे भुंकते तेव्हा त्याला काहीतरी दिसलेले असते. त्याला काय दिसले ते आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही, परंतु पुढे पाऊणएक फर्लांगावर वाटेच्या मधोमध बिबट्याची विष्ठा होती, केसांनी भरलेली आणि ताजी. मलपरीक्षणाची सवय असलेल्या चौदा माणसांनी तिच्याभोवती कडे केले तेव्हा मामांना पहिल्यांदा हसू आले.

शेकरूसाठी मात्र बसावे लागले. एका जांभळाच्या झाडाखाली, खडकाच्या आडोशाला, सुमारे चाळीस मिनिटे. प्रथम आवाज ऐकू आला, खुळखुळा जोरात हलवावा तसा. मग वरच्या फांदीवरून सालीचे तुकडे पडू लागले. आणि नंतर ते दिसले. आपल्या अंगणातल्या खारीशी त्याची तुलना करणे व्यर्थ आहे. डोके-धड मिळून हातभर, त्याहून लांब झुपकेदार शेपटी. पाठ गडद तांबूस, पोट पिवळसर पांढरे, शेपटीचे टोक फिकट. वजन दीड-दोन किलो भरते. मागच्या पायांनी फांदीला धरून ते उलटे लोंबकळले आणि पुढच्या दोन हातांनी कच्चे जांभूळ फिरवून फिरवून खाऊ लागले. खाता खाता एकदा आमच्याकडे पाहिले, आम्ही दखल घेण्याजोगे नाही असे ठरविले असावे, आणि पुन्हा खाण्यास लागले.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे शालेय पुस्तकातही असते. ते जमिनीवर क्वचितच उतरते. त्याचे खाणे, निजणे, वीण सर्व झाडांच्या माथ्यावर होते, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ते वीस-वीस फुटांची झेप घेते. म्हणजे रान अखंड असणे ही त्याच्या जगण्याची अट आहे. रस्ता थोडा रुंद झाला, फांद्यांमधले अंतर झेपेबाहेर गेले, की नकाशावर रान तेवढेच दिसले तरी शेकरूच्या दृष्टीने त्याचे दोन तुकडे झालेले असतात. एक शेकरू एकाहून अधिक घरटी बांधते. काही झोपण्यासाठी, एखादे पिलासाठी. काटक्या व पानांचे ते गोलसर घरटे उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या टोकाशी असते, कारण तिथवर जड शत्रू पोहोचू शकत नाही. रेनी बोर्जेस या संशोधिकेने १९८० च्या दशकात याच रानात शेकरूच्या आहाराचा अभ्यास केला. कोणते झाड कोणत्या वेळी, किती खावे, याचा विवेक या प्राण्याला असतो. मात्राशितीय अध्याय शिकविणाऱ्या माणसाला हे ऐकून कौतुक वाटले.

मामांनी बसल्या जागेवरून पाच घरटी मोजून दाखविली. पाचवे घरटे एका उंच, काळपट भेगाळ सालीच्या झाडावर होते. ते पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "घरटं दिसलं ना डॉक्टर? मग झाड कशाचं ते सांगा."

एक जण म्हणाले ऐन. दुसरे म्हणाले अर्जुन. परंतु अर्जुनाची साल इतकी काळी नसते हे त्यांना लगेच आठवले. मी बेहडा म्हणालो. तिन्ही उत्तरे एकाच कुळातली होती एवढेच समाधान. मामांनी खाली वाकून पाचोळ्यातून एक हिरवे, बोटाच्या पेराहूनही लहान, दोन्ही टोकांना निमुळते फळ उचलले आणि तळहातावर ठेवून पुढे केले. ते वाळलेले, काळे असते तर आमच्यातील प्रत्येकाने डोळे मिटूनही ओळखले असते. बाळहिरडा! चौदा जणांत मिळून तीनशे वर्षांचा चिकित्सानुभव असेल, आणि त्यांतल्या एकालाही हरीतकीचे झाड सांगता आले नव्हते.

मग मामांनी खालच्या फांदीचे पान वाकवून दाखविले. देठ जेथे पानास मिळतो तेथे, वरच्या अंगाला, दोन बारीक मसांसारख्या गाठी असतात. बोटाला लागतात. ही खूण पुस्तकात मी वाचली होती, फक्त बोट कधी लावले नव्हते. काही पानांवर शिंगासारख्या पोकळ वाढी होत्या. कीटकांमुळे होणाऱ्या या गाठी दक्षिणेकडील बाजारात कर्कटशृंगीच्या जागी विकल्या जातात, हे आमच्यातील एका निर्मात्याने सांगितले आणि आपल्या नोंदवहीत त्या पानाचे चित्र काढले. तळहातावरचे फळ मामांनी पुन्हा पाचोळ्यात टाकले. नियम म्हणजे नियम.

तेथून दीड तास चढून आम्ही कोकणकड्याच्या धारेवर आलो. आजवर या ठिकाणाची जी छायाचित्रे मी पाहिली ती पावसाळ्यातली, ढगांनी भरलेली. मे महिन्यात एरवी धुळीमुळे समोर काही दिसत नाही म्हणतात. पण कालच्या सरीने हवा धुऊन निघाली होती. पायाखाली एकदम जमीन संपते. खाली खांडसकडची घरे, वाळलेली शेते, आणि खांडसहून वर येणाऱ्या शिडीच्या व गणेशघाटाच्या वाटा. अगदी जवळ पदरगडाचे सुळके. पलीकडे कोथळीगडाचा नरसाळे उलटे ठेवल्यासारखा माथा. खालून वारा इतका जोराने वर येत होता की टोपी काढून हातात धरावी लागली. एक सर्पगरुड आमच्या पायांच्या खालच्या पातळीवर घिरट्या घालीत होता. आयुष्यात प्रथमच उडत्या गरुडाची पाठ पाहिली.

याच माथ्यावर पडलेले पाणी पाठीकडे गेले तर भीमेत जाते. ती पंढरपुरावरून कृष्णेला आणि कृष्णेबरोबर पूर्वेच्या समुद्राला मिळते. भीमेची स्वतःची लांबीच ८६० किलोमीटर आहे. पुढच्या बाजूला पडलेले पाणी मात्र पाच-पन्नास किलोमीटरांत कोकणातून पश्चिम समुद्राकडे. पावलाच्या अंतराने पाण्याचे दैव बदलते असे एका सहकाऱ्याने म्हटले, आणि लगेच गुडघ्याला स्वतःच्याच फार्मसीचे तेल चोळीत बसले. तेथे तासभर कोणीही फारसे बोलले नाही. आणलेले पन्हे प्यालो. कालच्या पावसाचे आभार मानले.

त्या आभाराची किंमत दुपारी कळली.

जेवणाची व्यवस्था मामांच्या घरी होती. वाडी अभयारण्याच्या सीमेबाहेर आहे. अंगणात शिरताच प्रथेप्रमाणे गूळपाणी आले. ग्रीष्मात हरीतकी गुळासह घ्यावी हे ऋतुहरीतकीचे सूत्र कोणाच्या तरी तोंडून निघालेच. कारण समोर संपूर्ण अंगणभर, ओसरीवर आणि गवताच्या छपरावरही बाळहिरडा पसरलेला होता. मात्र त्यातला निम्मा भाग निराळा दिसत होता, चिकट आणि पांढुरक्या बुरशीची झाक आलेला. मामी आणि त्यांची सून बसून एकेक फळ वेचून बाजूला टाकीत होत्या. तीन दिवस वाळलेला माल काल संध्याकाळच्या सरीत भिजला होता. ताडपत्री होती ती भाताच्या बियाण्यावर घातलेली. मामा पहाटे आमच्यासाठी घर सोडून निघाले तेव्हा हे सारे तसेच पडलेले होते, आणि दिवसभर त्यांनी त्याविषयी एक शब्द उच्चारला नव्हता.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा हे आदिवासी कुटुंबांचे हक्काचे रोख उत्पन्न आहे. बरीचशी झाडे त्यांच्या मालकीच्या जमिनींत, बांधांवर व माळावर आहेत. एप्रिल-मे मध्ये, फळात बी धरण्यापूर्वी, पुरुष झाडावर चढून काठीने फांद्या झोडतात, बायका-मुले खाली वेचतात. मग चांगल्या उन्हात रोज परतून तो वाळवायचा, रंग काळा होईपर्यंत. वाळताना वजन निम्म्याहून खाली येते, असे मामींनी सांगितले. हे सर्व पावसाच्या आत उरकायचे, कारण याच पैशातून भाताचे खत, घरावरची कौले आणि जूनमधली मुलांची शाळा व्हायची असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील हिरड्याचे अतोनात नुकसान झाले, आणि त्याच्या भरपाईसाठी या लोकांना पुढे काही वर्षे आंदोलने करावी लागली. भात, कांदा यांची नुकसानभरपाई सरकारी कागदाला ठाऊक असते. हिरडा हे पीक की वनोपज, येथूनच प्रश्न सुरू होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला, आणि २०१३-१४ पासून केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत हिरडाही आहे. पण अंगणात तराजू घेऊन येतो तो व्यापाऱ्याचा माणूस. तो माल पाहतो, ओलाव्यासाठी वजन कापतो आणि रोख देऊन जातो. जूनच्या तोंडावर रोख देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

जेवताना भाव निघाला. मामांनी गेल्या हंगामात मिळालेला भाव सांगितला. आमच्यातील निर्मात्यांनी आपापल्या बिलांवरचा भाव सांगितला. दोहोंतले अंतर दुपटीहून अधिक होते. मामांना त्याचे आश्चर्य वाटले नाही; आम्हालाच भाकरीचा घास थोडा वेळ गिळवेना. मधले पैसे सगळे नफ्याचे नसतात. वाहतूक, गोदाम, घट हे सर्व त्यात येते, हे मान्य. तरीही.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट एका निर्मात्याने सांगितली. पूर्वी एकदा त्यांच्याकडे बाळहिरड्याची काही पोती बुरशी लागलेली आली. त्यांनी प्रामाणिकपणे ती परत पाठविली आणि व्यापाऱ्यानेही तक्रार न करता परत घेतली. "मग त्या पोत्यांचं त्यानं काय केलं?" असे मामींनी विचारले. उत्तर स्पष्टच होते. ती दुसऱ्या कोणास तरी गेली असणार, आणि तो दुसरा आमच्याच पंगतीत बसला नव्हता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. गंधर्वहरीतकीसाठी एरंडतेलात परतल्यावर, कुटून चूर्ण केल्यावर, कोणते फळ कालच्या सरीत भिजले होते हे कोणत्या वैद्याला ओळखता येणार? आपण ते रुग्णास रात्री कोमट पाण्याबरोबर घ्यावयास सांगतो. बहुधा वृद्धास, बहुधा गर्भिणीस नको अशी सूचना देऊन. सूचना बिनचूक असते.

येथे वाचक वैद्यमित्रांना आणखी एका बाबीचे स्मरण द्यावेसे वाटते. आयुर्वेदिक फार्माकोपियामध्ये हरीतकी म्हणून जे द्रव्य वर्णिले आहे ते पक्व फळाचे, बी काढलेले टरफल. बाजारात हिरड्याचे बाळहिरडा, चांभारी, सुरवारी असे प्रकार चालतात. चांभारी माल मुख्यतः कातडी कमावण्यासाठी जातो, सुरवारी हा पूर्ण वाढलेला. भावप्रकाशात उत्तम हरीतकीची लक्षणे सांगताना ती नवी, स्निग्ध, घन, वजनदार व पाण्यात बुडणारी असावी असे म्हटले आहे. म्हणजे ते वर्णनही पक्व फळाचेच. महाराष्ट्रातील वैद्यपरंपरेने बाळहिरडा मृदू अनुलोमक म्हणून स्वीकारला, तो अनुभवसिद्ध आहे आणि मी स्वतः तो वापरतो. पण ग्रंथात विजया, अभया, चेतकी वाचायचे, औषधपत्रावर 'हरीतकी' लिहायचे, आणि पोत्यात जे येईल ते कुटायचे, हा प्रकार शास्त्रालाही धरून नाही आणि शेड्यूल टी मधील कच्च्या मालाच्या नोंदींनाही. रसायनासाठी सुरवारी हवा असेल तर तो झाडावर पिकू द्यावा लागेल. आणि बाळहिरड्यासाठीच सगळा भाव असेल तर पिकण्यासाठी झाडावर काही उरणार नाही. मामांच्या वाडीत प्रत्येक घर दोन-तीन झाडे न झोडता सोडते. विचारले तर म्हणाले, "बी पडायला नको का? आन् वर त्याचं घर हाय." 'त्याचं' म्हणजे शेकरूचे.

हिरड्याचे झाड उभे राहते ते दरवर्षी चार पैसे देते म्हणून. ज्या वर्षी ते परवडणार नाही, त्या वर्षी मालकीच्या जमिनीवरचे झाड ठेकेदाराला सरपणासाठी विकले जाते. सह्याद्रीत असे किती तरी डोंगर बोडके झाले आहेत. याच्या उलट उदाहरणही आपल्याच प्रदेशात आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर पश्चिम घाटात हिरडा व बेहडा यांसाठी फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण आणले. त्यात किती तोडायचे, कसे वाळवायचे, वेचणाऱ्यास काय द्यायचे हे सर्व ठरलेले असते. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, म्हणून ती झाडे राखण्याची अटही गावकऱ्यांनी मान्य केली. या मालाचा खरेदीदार कोण, तर ब्रिटनमधील पक्का ही वनस्पतींचा चहा करणारी कंपनी. त्रिफळेचे घटक कोणत्या डोंगरातून येतात हे इंग्लंडमध्ये चहा विकणाऱ्यास माहीत आहे. मला माझ्या त्रिफळेविषयी ते सांगता येत नव्हते.

दुपारच्या विश्रांतीनंतर वाडीखालच्या उतारावर दोन कुडे शेजारी शेजारी फुललेले दाखविले गेले, त्याचा उल्लेख केवळ उपयुक्त म्हणून करतो. पांढऱ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी झालर नसते, त्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या फुलात तंतूंची झालर दिसते, आणि शेंगांची टोके एकमेकांस चिकटलेली. कुटजारिष्टासाठी साल घेताना हे झाड पाहावयास कोण जाणार हा प्रश्न आहेच. वावडिंगाचीही कथा अशीच. बाजारातील वावडिंगात आटकीची फळे मिसळलेली असतात. ती वेचून वेगळी करता येतात, पण त्यासाठी आधी आटकी पाहिलेली असावी लागते. मामांनी ती ओढ्याच्या काठी दाखविली. त्या एका दुपारी मी जे पाहिले ते पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पाहिले नव्हते. दोष महाविद्यालयाचा किती आणि वनस्पती-उद्यानात सावली शोधून बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा किती, हे सांगणे कठीण.

परतीच्या वाटेवर आणखी एक शेकरू दिसले. उन्हाने दमून ते आडव्या फांदीवर चारही पाय पसरून, शेपटी खाली सोडून पालथे पडले होते. गाडी थांबवून पाहिले. या वेळी त्याच्याआधी झाडाकडे पाहिले, आंब्याचे होते.

पुढचे थोडक्यात. तिघा निर्मात्यांनी आणि आम्ही सहा वैद्यांनी मिळून त्या वाडीतील महिला बचत गटाशी बोलणे केले. आम्ही ताडपत्र्या आणि बांबूचे मांडव द्यायचे. गटाने माल जमिनीवर न पसरता मांडवावर वाळवायचा, बाळहिरडा व सुरवारी वेगळा ठेवायचा, प्रत्येक पोत्यावर तारीख लिहायची. भाव हंगामापूर्वी ठरवायचा आणि पैसे मेअखेरीस द्यायचे. निघताना हे सोपे वाटले होते. २०२५ च्या मे महिन्यात मात्र अवकाळी पावसाने उसंत दिली नाही, आणि मान्सूनच २६ मे रोजी मुंबईत येऊन ठेपला. मांडवांमुळे जे वाचले ते वाचले, परंतु ठरलेल्या मालापैकी निम्माही हाती आला नाही. एका निर्मात्यास मागणी पुरी करायची होती, ते पुन्हा बाजाराकडे वळले. त्यांना दोष देता येत नाही. उरलेल्या दोघांनी ठरलेलाच भाव दिला. ओलावा जास्त म्हणून एक पोते परत करावे लागले, त्यावरून मामींशी थोडी बोलाचालीही झाली. मग त्यांनी ते पोते स्वतः फोडून, हाताने चाचपून, "हे नकोच" असे म्हणून बाजूला ठेवले.

माझ्या वाट्याला आलेली दोन पोती दवाखान्याच्या माळ्यावर आहेत. त्यांवर मामांच्या नातवाने खडूने तारीख लिहिली आहे, आणि खाली कोणीही सांगितले नसताना एका लांब शेपटीच्या प्राण्याचे चित्र काढले आहे.